पेंगणाऱ्याचा अपराध

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात झोपेचे सहा प्रकार सांगितले आहेत. तमोगुणामुळे येणारी, कफ वाढल्यामुळे येणारी, मन आणि शरीर थकल्यामुळे येणारी, बाहेरच्या कारणाने ओढवणारी, एखाद्या आजाराच्या मागोमाग येणारी आणि रात्र झाली म्हणून आपसूक येणारी. पुढे या सहांची वाटणी तीन खात्यांत होते. रात्रीची स्वाभाविक झोप ही प्राणिमात्राला सांभाळणारी दाई, म्हणजे भूतधात्री. तमोगुणी झोप हे पापाचे मूळ. उरलेल्या चारही झोपा व्याधींमध्ये मोडतात.

दिवसाढवळ्या पेंगणारा माणूस दोषी की आजारी, हा प्रश्न त्या जुन्या वैद्यांना पडला होता आणि त्यांनी सहांपैकी एकाच झोपेला पाप म्हटले. लोकव्यवहाराने मात्र चार व्याधी विसरून ते एक पाप तेवढे लक्षात ठेवले. वर्गात डुलकी घेणारा मुलगा, कीर्तनात मान टाकणारा गृहस्थ, जेवणानंतर टेबलावर डोके टेकणारा कारकून यांना आळशी, सुस्त, कुंभकर्ण अशी नावे बसतात. खुद्द कुंभकर्णाची झोप रामायणात त्याच्या आवडीची नाही, ती ब्रह्मदेवाच्या शब्दाने त्याच्यावर आलेली आहे, हेही कोणी आठवत नाही. झोपेच्या विकारांचा विचार आधी या नैतिक गैरसमजापाशी अडतो. ज्या गोष्टीची माणसाला लाज वाटते, ती घेऊन तो डॉक्टरकडे जात नाही.

झोपेबद्दल भारतीय विचारात पहिल्यापासून दोन सूर आहेत. गीतेच्या चौदाव्या अध्यायात प्रमाद, आळस आणि निद्रा ही तमोगुणाची बंधने आहेत. अठराव्या अध्यायात जी धृती झोप सोडू देत नाही ती तामसी ठरते. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रेला जिंकणारा, हे नाव गौरवाने दिलेले आहे. पण त्याच गीतेचा सहावा अध्याय स्पष्ट सांगतो की अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि अति जागणाऱ्यालाही साधत नाही. सुश्रुताने तर निद्रेला एका दमात वैष्णवी माया आणि पाप्मा असे दोन्ही म्हटले आहे. महाराष्ट्रात आषाढी एकादशीला देव झोपी जातो आणि कार्तिकीला उठतो. रोज रात्री शेजारती होते, पहाटे काकड आरती होते. प्रत्यक्ष देवाला झोपवून उठवणाऱ्या समाजाला झोप अपवित्र वाटत नव्हती, हे उघड आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपणाचा एक समासच लिहिला. घोरणारे, बरळणारे, दचकून उठणारे असे झोपेतले नाना लोक त्यात दिसतात. त्यांचा रोख जागे होण्याच्या उपदेशाकडे असला, तरी निरीक्षण इतके बारीक आहे की निद्राविकारांची जुनी नोंद म्हणूनही तो समास वाचता येतो.

या साऱ्यात सर्वांत मोलाचा प्रसंग बौद्ध वाङ्मयात आहे. अंगुत्तर निकायात बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान ध्यानाला बसले असता पेंगू लागतात. बौद्ध साधनेत थीन आणि मिद्ध, म्हणजे जडपणा आणि ग्लानी, हा पाच नीवरणांपैकी एक अडथळा मानलेला आहे. तेव्हा इथे खरडपट्टी निघावी असे वाटते. बुद्ध मात्र एकामागून एक उपाय सांगतात. मनातला विषय बदल, धम्माचे चिंतन कर, पाठ म्हण, कान ओढ आणि हातपाय चोळ, डोळ्यांवर पाणी मारून आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा, प्रकाशाची कल्पना कर, येरझाऱ्या घाल. एवढे करूनही पेंग गेली नाही, तर उजव्या कुशीवर पडून झोप, पुन्हा उठायचे आहे याचे भान ठेवून. आधी इच्छाशक्तीला संधी द्यायची आणि ती पुरी पडली नाही की शरीराचे म्हणणे ऐकायचे, असा हा क्रम आहे. त्यात दोषारोप कुठेच नाही.

शरीराचे म्हणणे म्हणजे काय, हे स्लीप अ‍ॅप्नियाच्या रुग्णाजवळ एक रात्र जागल्यास कळते. दिवा मालवल्यावर पाच-दहा मिनिटांत घोरणे सुरू होते. आवाज पायरीपायरीने चढतो आणि मध्येच एकदम तुटतो. खोलीत शांतता पसरते. छाती-पोट हलत असते, श्वास घेण्याची धडपड चालू असते, पण नाकातोंडातून हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त. मग घुसमटल्यासारखा मोठा फुरका येतो, अंगाला झटका बसतो, माणूस कूस बदलतो आणि घोरणे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होते. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू धोका ओळखून माणसाला क्षणभर जागे करतो. असा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर तो मोजला जातो. तासाला पाच ते पंधरा अडथळे असतील तर विकार सौम्य, तीस किंवा अधिक असतील तर तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेच्या वर वेळा गळा दाबला गेल्यासारखे झाले.

प्रत्येक वेळी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब उसळतो. वर्षानुवर्षे हे चालले की औषधांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांचा धोका वाढतो. सकाळी डोके जड असते, घसा कोरडा पडतो, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, स्वभाव चिडका होतो, नाव आठवत नाही. हा आजार फक्त लठ्ठ पुरुषांचा, ही समजूत चुकीची आहे. लहान जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते. स्त्रिया घोरण्यापेक्षा थकवा आणि झोप न लागणे यांचीच तक्रार करतात, म्हणून त्यांचा विकार हमखास निसटतो. मुलांमध्ये टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्याने असेच होते. ती मुले दिवसा पेंगण्याऐवजी चंचल आणि हट्टी होतात, अंथरूण ओले करतात आणि शाळेत मार खातात.

आता तत्त्वज्ञानाचा खरा पेच इथे येतो. दोनशे वेळा जागा झालेला हा माणूस सकाळी विचारले तर सांगतो, ‘झोप छान लागली.’ तो खोटे बोलत नसतो. त्याला एकही जाग आठवत नाही.

झोपेतले ज्ञान हा भारतीय दर्शनांमधला जुना वाद आहे. पतंजलींनी निद्रा ही पाच चित्तवृत्तींपैकी एक मानली. व्यासभाष्याचे कारण असे की उठल्यावर माणूस सुखाने झोपलो, दुःखाने झोपलो किंवा गाढ मूढपणे झोपलो असे स्मरतो. स्मरण आहे म्हणजे अनुभव असलाच पाहिजे. अद्वैत वेदान्ताने याच आधारावर सांगितले की सुषुप्तीत सारे विषय मावळले तरी साक्षी जागाच असतो. मांडूक्योपनिषदाने त्या अवस्थेला आनंदमय म्हटले आहे. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटले नाही. गाढ झोपेत कोणतेही ज्ञान नसते. सकाळी ‘सुखाने झोपलो’ असे वाटते ते स्मरण नव्हे, ते अनुमान आहे. अंग हलके वाटते, मन प्रसन्न वाटते, त्यावरून मधल्या काळाविषयी काढलेला तो निष्कर्ष आहे. छांदोग्यात इंद्रानेही प्रजापतीपाशी अशीच शंका काढली होती. गाढ झोपलेला स्वतःलाच जाणत नाही, मग यात भले ते काय?

स्लीप अ‍ॅप्नियाचा रुग्ण या वादात नैयायिकांच्या बाजूने उभा राहतो. त्याचे ‘छान झोपलो’ हे स्मरण असते, तर त्यात गुदमरणेही असते. चूक अनुमानाची आहे. त्याला इतक्या वर्षांत ताजेतवाने वाटणे कसे असते याचाच विसर पडलेला असतो, त्यामुळे थकलेले शरीर हेच त्याचे नेहमीचे शरीर होते. वेदान्ताचा साक्षी यामुळे खोटा ठरत नाही. तो साक्षी श्वास मोजण्यासाठी मानलेलाच नव्हता. पण आपल्या झोपेविषयी आपण स्वतः भरवशाचे साक्षीदार नाही, एवढे निश्चित होते. 14 दिवस रोज फक्त सहा तास झोपलेल्या निरोगी माणसांवरील प्रयोगातही हेच दिसले. त्यांची सावधानता पूर्ण रात्र जागलेल्यांइतकी खाली आली होती आणि ती माणसे मात्र आपण ठीक आहोत असेच सांगत होती.

प्रत्यक्ष चालत नाही आणि अनुमान फसते, तेव्हा दर्शनशास्त्रात शब्दप्रमाण उरते, म्हणजे विश्वासू माणसाचे सांगणे. निद्राविकारात ते विश्वासू माणूस म्हणजे त्याच खोलीत झोपणारे कोणी. बायको, नवरा, आई, वसतिगृहातला सोबती. डॉक्टर म्हणूनच रुग्णाबरोबर त्यांनाही बोलावतात. दिवसाच्या झोपेचा अंदाज घेण्यासाठी 1991 पासून एपवर्थ स्केल वापरले जाते. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसून प्रवास करताना अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण. एकूण 24 पैकी दहाच्या वर गुण आले तर तपासणी करावी. पक्का निर्णय पॉलिसोम्नोग्राफीने होतो. रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि डोळ्यांच्या हालचाली यंत्र टिपत राहते. माणसाला न आठवलेली रात्र सकाळी त्याच्यापुढे कागदावर मांडली जाते, आणि बहुतेकांना ती पाहून धक्का बसतो. उपाय आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली सीपॅप हे यंत्र पुढे आणले. मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन ते घशाची वाट उघडी ठेवते.

इतर विकारांची ओळख थोडक्यात करता येते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल किंवा मध्यरात्री उडत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. त्यात झोपेच्या गोळीआधी सवयी आणि विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती सुचवली जाते. डोळ्याला डोळा लागत नसताना अंथरुणात तळमळत पडू नये, उठून बसावे, हा तिचा एक नियम. झोप ओढून आणता येत नाही, तिच्यासाठी जागा तेवढी करता येते. संध्याकाळी पायात मुंग्या, ओढ आणि ते हलवण्याची अनावर इच्छा होत असेल तर तो रेस्टलेस लेग्ज. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते आणि गरोदरपणात तो जास्त दिसतो. नार्कोलेप्सीत झोपेचे झटके येतात आणि काहींना मनापासून हसताच गुडघ्यातले त्राण जाते. 1998 साली मेंदूतील ओरेक्सिन या रसायनाचा शोध लागला. नार्कोलेप्सीच्या रुग्णांत बहुधा त्याचीच कमतरता असते, हे त्यानंतर लवकरच सिद्ध झाले. तोवर अशी किती मुले कामचुकार म्हणून वाढली असतील, याचा हिशेब कोणाकडे नाही.

आळस आणि विकार यांच्यातला फरक व्यवहारात ओळखता येतो. आळशी माणसाला काम नको असते, आवडीच्या गोष्टीला तो टक्क जागा असतो. आजारी माणूस आवडीच्या गोष्टीतही झोपतो. तो हौसेने कीर्तनाला येतो, पुढच्या रांगेत बसतो, टाळ हाती घेतो, आणि पूर्वरंग संपायच्या आत त्याची हनुवटी छातीला टेकते. आठ तास झोपूनही जो थकून उठतो, त्याच्या तमोगुणाची चर्चा करण्याआधी त्याचा घसा तपासावा.

यापेक्षा कठीण प्रश्न झोपेत घडलेल्या कृतीचा आहे. जैन कर्मसिद्धांतात दर्शनावरणीय कर्माच्या प्रकारांत पाच निद्रा येतात. साधी निद्रा, गाढ निद्रानिद्रा, बसल्या-उभ्या येणारी प्रचला, तिचीच तीव्र प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. या शेवटच्या प्रकारात माणूस झोपेतच उठून भयंकर कामे करतो. आजच्या वैद्यकात झोपेत चालणे हा गाढ झोपेतला विकार आहे आणि तो मुलांमध्ये जास्त दिसतो. उतारवयात स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष हातपाय झाडत करणे हा वेगळा विकार आहे. त्याचे वर्णन 1986 साली झाले, आणि अशा रुग्णांपैकी अनेकांना पुढे पार्किन्सनचा आजार जडतो. म्हणजे आजोबा झोपेत लाथा मारतात ही घरातली गंमत नसून डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे.

1987 च्या मे महिन्यात टोरांटोजवळ एक तरुण रात्री उठला, सुमारे 23 किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेला, सासूचा त्याच्या हातून जीव गेला आणि सासरा गंभीर जखमी झाला. नंतर तो स्वतःच पोलीस ठाण्यात पोहोचला. तो झोपेत होता हे तज्ज्ञांच्या साक्षीवरून ज्यूरीने मान्य केले, त्याला निर्दोष सोडले, आणि 1992 साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ज्या कृतीमागे कर्त्याची इच्छाच नाही ती त्याची कृती नव्हे, हा त्यामागचा विचार. हा निकाल पचायला जड आहे, पण तत्त्वतः तो योग्यच आहे. कर्तेपण नसताना शिक्षा देणे म्हणजे देहाला शिक्षा देणे.

स्टीअरिंगवर झोपलेल्या चालकाला मात्र हे तत्त्व तसेच लावता येत नाही. इंग्लंडमध्ये 1945 साली कारखान्यातली रात्रपाळी करून घरी निघालेल्या एका माणसाला गाडी चालवताना डोळा लागला आणि गाडी चालत निघालेल्या सैनिकांमध्ये घुसली. न्यायालयाने म्हटले की झोपेत घडलेल्या कृतीसाठी तो दोषी नसेल, पण झोप येत आहे हे कळत असताना तो थांबला नाही, हा दोष त्याचाच. जबाबदारी मागे सरकत त्या शेवटच्या जाग्या क्षणापर्यंत जाते, जेव्हा डोळे जड झाले होते आणि निवड अजून हाती होती.

चरकाकडे या क्षणासाठी नेमका शब्द आहे, प्रज्ञापराध. बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे, कळत असूनही केलेले अहितकर कर्म. पेंग येणे हा अपराध नाही, पेंग आल्याचे कळूनही गाडी हाकणे हा प्रज्ञापराध आहे. 17 तास सलग जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, हे 1997 साली मोजून दाखवले गेले. भारतात गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा 100 मिलिलीटरला 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर गाडी चालवणारा माणूस थेंबही न पिता त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ 90 मीटर कोणाच्याही ताब्यात नसताना जाते. साखरझोपेची वेळ, म्हणजे रात्री दोन ते सकाळी सहा, सर्वांत घातक. तेव्हा काच खाली करणे, गाणी मोठी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी फार तर काही मिनिटे निभतात. मोग्गल्लानांना सांगितलेला शेवटचा उपायच तिथे खरा. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे झोपावे.

झोपेतून नुकत्या उठलेल्या मेंदूचीही स्वतःची जडता असते. बृहदारण्यकोपनिषदात झोपलेल्याला एकदम उठवू नये, अशी सूचना आहे. 22 मे 2010 रोजी सकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या पठारी धावपट्टीवरून पुढे दरीत गेले. विमानातील 166 पैकी 158 जण दगावले. चौकशीत आढळले की कॅप्टन प्रवासात दीड तासाहून अधिक वेळ झोपला होता, ध्वनिमुद्रणात त्याचे घोरणे होते, आणि उठल्यानंतरची ही जडता उतरताना झालेल्या चुकांच्या मुळाशी धरली गेली. विमान पुन्हा वर घ्यावे, हे सहवैमानिकाचे म्हणणे वेळेत ऐकले गेले नाही.

इथे एकट्या माणसाचा दोष मोजत बसणे अन्यायाचे होते. ज्याला थांबणे परवडतच नाही त्याच्यावर प्रज्ञापराधाचा आरोप अर्धाच लागू पडतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास काम एवढीच मर्यादा घातली होती. तरी माल वेळेत पोहोचवण्याच्या बोलीवर रात्रभर ट्रक चालतात, आणि कळूनही तो ट्रक पुढे हाकायला लावणारा मालक त्या अपराधात भागीदार असतो. रुग्णालयातले निवासी डॉक्टर, रात्रपाळीच्या परिचारिका, पहारेकरी यांचेही तेच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली रामलीला मैदान प्रकरणात झोप हा संविधानाच्या 21 व्या कलमाखालचा मूलभूत हक्क मानला. चरकाने सुख-दुःख, बळ-दुर्बळता, जीवन-मरण यांच्याबरोबर ज्ञान आणि अज्ञानही झोपेवर अवलंबून असल्याचे सांगितले आहे. ज्याची झोप हिरावली जाते त्याचे शहाणपणही हिरावले जाते, आणि मग त्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा कशी करायची?

ज्याला विकार आहे त्याच्यावरचे कर्तव्य वेगळे आहे. निदान होण्याआधी तो अज्ञानी आहे, म्हणून निर्दोष. निदान झाल्यावर मास्क कपाटात ठेवून रात्रीची बस चालवायला बसणारा निर्दोष राहत नाही. मधला काळ, म्हणजे शंका आहे पण तपासणी नाही, हा सर्वांत अवघड, आणि तिथे भार रुग्णापेक्षा जवळच्यांवर जास्त येतो. घोरता घोरता ज्याचा श्वास तुटतो त्याला ते कधीच कळत नाही. ते ज्याने रात्री ऐकले, त्याने चेष्टा न करता सकाळी सांगावे, जमल्यास मोबाइलवर आवाज नोंदवून ठेवावा, आणि तपासणीला त्याच्याबरोबर जावे.